बोट लागते, मग खोली कुठली घ्यावी?

घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाला 'खोली कुठल्या बाजूची घ्यायची' हा प्रश्न काही नवा नाही. माजिवड्यापासून गायमुखापर्यंत जितक्या इमारती उभ्या राहिल्या, तितक्यांच्या रंगीत कागदांवर दोनच आमिषं होती. एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. डोंगर हवा तर एक भाव, खाडी हवी तर दुसरा, आणि समोरच्या इमारतीतल्या वाळत घातलेल्या चादरी दिसल्या तरी चालतील असं म्हणालात तर तिसरा. वर प्रत्येक मजल्यागणिक 'फ्लोअर राइज' वेगळा!

आमच्या गोतावळ्यात यंदा मुंबई-गोवा क्रूझचं घाटतंय. चौदा माणसं, वयं सहापासून अठ्ठ्याहत्तरपर्यंत. मला जुन्या गोष्टी उकरायची खोड आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे 'कुठली केबिन घ्यायची ते तू बघ' असं म्हणून सगळे मोकळे झाले. आता हे काम इतिहासवाल्याचं कसं, असं तुम्ही विचाराल. पण जरा मागे जाऊन पाहिलं तर कळतं, की बोटीवर कोण कुठे झोपतं याच्याइतका स्वच्छ इतिहास दुसरीकडे क्वचितच सापडेल.

सुरुवात आपल्या दारापासूनच करू. ज्या रस्त्यावर आपण तासन् तास ट्रॅफिकमध्ये अडकतो त्याला नाव मिळालं ते एका बंदराचं. इथे अरबी घोडे उतरत म्हणून घोडबंदर, असं सांगतात. खाडीच्या वळणावर पोर्तुगीजांनी किल्ला बांधला, १७३७ साली तो मराठ्यांकडे आला. त्याआधी १६५७च्या सुमारास कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराचा श्रीगणेशा केला तो याच खाडीच्या वरच्या अंगाला. म्हणजे ठाणे-कल्याणकरांना जहाजं परकी नव्हती. मात्र त्या गलबतांवर 'खोली' नावाची चीज बहुतेकांच्या वाट्याला यायची नाही. पसरायला फळी मिळाली तरी नशीब.

आगबोटी आल्यावरही कोकणी माणसाचं फारसं बदललं नाही. मुंबईहून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत पणजीपर्यंत बोटी जात. पावसाळ्यात बंद, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत झाला की पुन्हा चालू. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या बोटी होत्या, नंतर चौगुल्यांच्या आल्या, १९७०च्या दशकात सरकारी मोगल लाइनकडे हा कारभार गेला आणि 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं घरोघरी झाली. सकाळी मुंबईहून सुटलेली पणजीची बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पोचायची. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे. पडाव यायचे, आणि हलत्या बोटीतून हलत्या पडावात पोरंबाळं, ट्रंका आणि म्हातारी माणसं उतरवायची!

या बोटींवर केबिनी होत्या, पण मोजक्या. आपल्यासारख्यांची निवड एवढीच: अप्पर डेक की लोअर डेक? अप्पर डेकला भाडं जास्त आणि वारा भरपूर. लोअर डेक स्वस्त, पण इंजिनाची धग, तेलाचा वास आणि हंगामात आंब्याच्या पेट्यांची सोबत. जागेचं रिझर्वेशन म्हणजे वळकटी. बोटीवर पाय ठेवल्याबरोबर घरातला सगळ्यात चपळ मुलगा धावत सुटायचा आणि सतरंजी पसरून आडवा व्हायचा. सतरंजीच्या चार कोपऱ्यांत मावलं ते आपलं घर. त्यातही जाणती माणसं जागा बघून पसरत. चिमणीजवळ नको, संडासाच्या वाटेवर नको, अगदी पुढच्या टोकाला नको, कठड्याला लागूनही नको. शक्यतो मध्यावर. ही अक्कल कुठल्या पुस्तकातून आलेली नव्हती, बोट लागून लागून आलेली होती.

'बोट लागणे'... किती नेमका शब्दप्रयोग आहे पाहा. विंचू लागावा, दृष्ट लागावी, तशी बोट लागते. आवळासुपारी, आलेपाक, लिंबू हे सगळं गाठीला बांधून लोक निघत आणि तरीही हर्णैच्या आत निम्मा डेक आडवा झालेला असे.

डेकवरच्या गर्दीला एक काळी बाजूही आहे. १७ जुलै १९४७. आषाढ अमावास्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसला निघाली ती सणाला घरी जाणाऱ्या माणसांनी खच्चून भरून. खवळलेल्या समुद्रात काशाच्या खडकाजवळ ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे एवढा मोठा अनर्थ घडूनही मुंबईला कळायला संध्याकाळ झाली. जे वाचले त्यांतल्या बऱ्याच जणांना रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. रायगडात आजही 'रामदास' म्हटलं की जुनी माणसं गप्प होतात.

इथे एक गोष्ट लक्षात येते. जागा निवडणं हे सुखासाठी असतं असं आपण समजतो, पण फार काळ ते जिवाशी जोडलेलं होतं. १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा पहिल्या वर्गातले शंभरातले साधारण बासष्ट वाचले, तिसऱ्या वर्गातले पंचवीस. पाणी सगळ्यांना सारखंच थंड होतं, पण होड्यांपर्यंत जाणारे जिने सारखे नव्हते.

आता केबिनवाल्यांकडे वळू. १८६९ला सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई हे विलायतेचं दार बनलं. १८८८च्या सप्टेंबरात एकोणीस वर्षं पुरी व्हायची असलेले मोहनदास गांधी मुंबईहून 'क्लाइड' बोटीने निघाले, तेव्हा मित्रांनी त्यांची सोय जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजुमदार यांच्याच केबिनमध्ये करून दिली. पण गांधींना काट्याचमच्याची सवय नाही आणि इंग्रजीत विचारायची लाज. म्हणून ते जेवायच्या टेबलाकडे फिरकलेच नाहीत. घरून नेलेली मिठाई आणि फळं केबिनमध्ये बसून खाल्ली. त्या पोरसवदा वयात केबिन म्हणजे दार लावून घेता येणारी जागा होती, बस्स.

पाच वर्षांनी, १८९३च्या एप्रिलात दक्षिण आफ्रिकेला जाताना मात्र गोष्ट उलटी. पहिल्या वर्गात जागाच शिल्लक नव्हती, कारण मोझांबिकचा गव्हर्नर जनरल त्या बोटीने चालला होता. डेकने जा म्हटल्यावर बॅरिस्टर गांधींना ते पटेना. ते सरळ बोटीवरच्या मुख्य अधिकाऱ्याला जाऊन भेटले आणि त्याने स्वतःच्या केबिनमधली जादा बर्थ त्यांना देऊ केली. ज्या माणसाने पुढे आयुष्यभर तिसऱ्या वर्गाने प्रवास केला, तो तेव्हा डेक नको म्हणून अडून बसला होता. मला यात विसंगती वाटत नाही. नाइलाज म्हणून डेकवर बसणं वेगळं आणि आपणहून बसणं वेगळं.

याच काळातली एक आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. 'पॉश' हा शब्द म्हणे विलायत-मुंबई बोटींच्या तिकिटावरून आला. येताना डाव्या बाजूची केबिन, जाताना उजव्या बाजूची, या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. ऐकायला छान, पण असं शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही आणि कोशकार ही व्युत्पत्ती मानत नाहीत. मात्र मागचा हिशेब खोटा नाही. तांबड्या समुद्रातून खाली येताना दुपारचं ऊन उजव्या अंगाला तापवतं, डावी बाजू त्यामानाने थंड राहते. वातानुकूलन नसलेल्या लोखंडी डब्यात हा फरक जीव नकोसा करणारा असणार. म्हणून तर रंगूनच्या फेऱ्या करणाऱ्या बिबी कंपनीने इंग्रजी एल अक्षराच्या आकाराच्या केबिनी काढल्या. आतल्या खोलीलाही एक चिंचोळी बोळ देऊन बाहेरच्या गोल खिडकीपर्यंत पोचवायचं. बायका-मुलं, सामान आणि उकाडा यांच्यात हातभर हवेची ती चैन!

असो. आता आमच्या चौदा जणांचं बघू.

बोट हलते ती दोन तऱ्हांनी. एक, पुढचं टोक वर-खाली होतं, सीसॉसारखं. दुसरं, ती डावी-उजवीकडे डुलते. सीसॉच्या मध्यावर बसलेल्याला हिसका कमी, टोकांवरच्यांना जास्त. आणि डुलण्याचं म्हणाल तर माड आठवा. वाऱ्यात शेंडा हातभर हलतो, बुंधा जागचा हलत नाही. तेव्हा ज्याला बोट लागते त्याने लांबीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. डेकवरच्या जाणत्या माणसांचं 'मध्यावर पसर' शास्त्राला धरूनच होतं.

बाकीचं तारतम्य घर घेतानाचंच आहे. डोक्यावर स्वयंपाकघर किंवा नाचगाण्याचा हॉल नको, लिफ्टच्या अगदी तोंडाशी नको. वर आणि खाली दोन्हीकडे नुसत्या खोल्याच असतील तर उत्तम. खिडकीची खोली घेताना समोर जीवरक्षक होडी टांगलेली नाही ना, ते नकाशात बघावं. दोन खोल्यांमधलं दार उघडणारं असेल तर लहान मुलं असलेल्यांना वरदान, परक्या शेजाऱ्याच्या घोरण्याने जागे होणाऱ्यांना शाप.

बाजूचं म्हणाल तर गोव्याला जाताना किनारा डावीकडे आणि मावळता सूर्य उजवीकडे. परतताना उलट. म्हणजे जाऊन-येऊन प्रवास असेल तर कुठलीही बाजू घ्या, एक सूर्यास्त तुमचा. उरला प्रश्न आतली खोली, खिडकीची की बाल्कनीची हा. बाल्कनीची चैन तशी अलीकडची. १९८४ साली 'रॉयल प्रिन्सेस' नावाची बोट आली, तिच्यात सगळ्याच खोल्या बाहेरच्या बाजूला होत्या, तिथून पुढे ही हौस वाढली. मुंबईहून २०२१ साली सुरू झालेली कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' १९९०ची बांधणी आहे, त्यामुळे तिच्यावर बाल्कनीच्या खोल्या थोड्याच. त्याआधी २०१८ साली 'आंग्रिया' सुरू झाली होती. कान्होजींचं नाव, रात्रीची मुंबई-गोवा फेरी, डॉर्मिटरीतल्या बिछान्यापासून जोडप्याच्या खोलीपर्यंत सगळ्या पायऱ्या. २०२०मध्ये ती बंद पडली.

हे सगळं मी नकाशा काढून घरात समजावलं. आत्याला बोट लागते, तिचे गुडघे दुखतात, म्हणून तिला खालच्या मजल्यावर मध्यावर, लिफ्टपासून चार खोल्या सोडून. शास्त्रशुद्ध! तर आत्या म्हणाली, "आयुष्यभर लोअर डेकनेच गेलो रे आम्ही. आता तुमच्या पैशानेपण मला खालीच घालणार?"

मी गप्पच झालो. माझ्या नकाशात 'खाली' म्हणजे कमी हलणारी जागा होती. तिच्या मनात 'खाली' म्हणजे तेलाचा वास, मालवणला पोचेपर्यंत ओल्या लुगड्यात बसलेली आई, आणि वरच्या डेकच्या जिन्यावरून तिकीट बघून हुसकावलं गेलेलं दहा वर्षांचं पोरगं, म्हणजे माझे वडील. दोघांच्या तोंडी शब्द एकच, अर्थाला साठ वर्षांचं अंतर.

यावर माझ्यापाशी युक्तिवाद नव्हता. भाचीने सरळ दोन्ही खोल्यांचे फोटो तिच्यापुढे ठेवले. वरच्या मजल्याची बाल्कनी, खालच्या मजल्याची गोल खिडकी. मळमळलं तर कुठे कमी मळमळेल तेही सांगितलं, आणि गप्प बसली. आत्याने दोन दिवस घेतले. मग म्हणाली, "गोल खिडकीचीच घ्या. पाणी जवळून दिसेल. पण संध्याकाळी मी वर येऊन बसणार, आणि जिन्यावर कोणी अडवायचं नाही."

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच कागदावर नसते. आपण डेक सहाला जाऊ की आठला याचा खल करत असतो, तेव्हा त्याच बोटीच्या तळाकडच्या, बिनखिडकीच्या खोल्यांत दोन-दोन, चार-चार जण मिळून झोपणारी माणसं असतात. आपल्या चादरी बदलणारी, ताटं वाढणारी, इंजिन सांभाळणारी. गोव्याच्या आणि कोकणच्या कितीतरी घरांत असा एकजण आहे, जो वर्षातले आठ-नऊ महिने जगभरच्या क्रूझवर काढतो आणि ज्याच्या पाठवलेल्या पैशांतून गावचं घर चिऱ्यांचं झालं. लोअर डेक कुठे गेलेला नाही. तिथली माणसं बदलली, काही आपली अजून तिथेच आहेत.

तेव्हा खोली निवडायचा माझा सल्ला थोडक्यात. ज्याला बोट लागते त्याला मध्यावर आणि खाली, लहान मुलांना जोडखोल्या, नवविवाहितांना जमलं तर बाल्कनी, आणि दिवसभर वर हुंदडणाऱ्या पोरांना आतली स्वस्त खोली पुरे. बोटीवर चढल्यावर जीवरक्षक जाकिटाची कवायत असते ती 'चला, झालं' म्हणून टाळू नका. 'रामदास'वरच्या माणसांना ती कोणी दिली नव्हती. पण या सगळ्याआधी ज्यांच्यासाठी खोली घेताय त्यांना एकदा विचारा, की याआधी बोटीवर ते कुठे झोपले होते.