घर, माग आणि नकाशा

घरात धंदा करण्यास परवानगी आहे काय, असा प्रश्न शहापूरच्या जुन्या विणकराला कुणी विचारला असता, तर त्याला तो कळलाच नसता. शहापूर आज बेळगावचाच एक भाग असले, तरी पूर्वी ते सांगली संस्थानात होते. १९४८ साली संस्थानाबरोबर तेही मुंबई प्रांतात आले. तिथे सोप्यातच माग असे. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसे, बायका कांड्या भरत आणि पोरे धोट्याच्या आवाजातच झोपी जात. घर कुठे संपले आणि कारखाना कुठे सुरू झाला, हे भिंतीवर बोट ठेवून दाखवता येत नसे.

ही भिंत प्रथम उभी राहिली ती नकाशावर. जर्मनीतील फ्रँकफुर्टने १८९१ मध्ये शहराचे विभाग पाडले, न्यूयॉर्कने १९१६ मध्ये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली युक्लिड या गावाच्या खटल्यात अशा विभागणीवर शिक्कामोर्तब केले. हेतू वाईट नव्हता. गिरणीचा धूर आणि चांभारकुंडाची दुर्गंधी राहत्या घरात येऊ नये, असे कुणाला वाटणार नाही? आपल्याकडे १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीची धास्ती घातली आणि १९१५ साली मुंबई इलाख्यात देशातला पहिला नगररचना कायदा झाला. बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात गेले. पुढे १९६१ चा म्हैसूरचा कायदा आला. गल्ली तीच, माग तोच. फक्त नकाशा काढणारे कार्यालय बदलले.

नकाशात निवासी भागाला एक रंग, उद्योगाला दुसरा. ज्या घरात दोन्ही नांदतात, त्याला कोणता रंग द्यायचा? हातमागाच्या जागी यंत्रमाग आला, तेव्हा हा पेच वाढला. यंत्रमागाचा खडखडाट शेजारच्या आजाऱ्याला रात्री झोपू देत नाही, ही तक्रार खरी आहे. ती मी हसण्यावारी नेणार नाही. पण त्याच गल्लीत पापड लाटणारी बाई कुणाचे काय बिघडवते? १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जतचा उद्योग उभा केला. पुढे तो वाढला, तो पीठ घरी नेऊन पापड लाटणाऱ्या हजारो बायकांच्या हातांवर. त्या स्वयंपाकघरांना कारखाना म्हणायचे की घर?

दिल्लीत या प्रश्नाने उग्र रूप धरले. निवासी भागातील कारखाने हलवावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. २००६ मध्ये दुकानांना सीलही लागले. त्यानंतर २००७ च्या बृहद् आराखड्यात घरगुती उद्योगांना मुभा मिळाली, पण कामगारांची संख्या आणि विजेचा भार यांची मर्यादा घालून.

मला यातच शहाणपण दिसते. धंदा घरात चालतो एवढ्यावरून त्याला गुन्हा ठरवू नये. आवाज किती, धूर किती, माणसे किती, वीज किती, हे मोजावे आणि जे शेजाऱ्याला छळते तेच अडवावे. नुसता रंग पाहून निर्णय दिला, तर त्याची झळ प्रथम बसते ती दुसरी जागा भाड्याने घेण्याची ऐपत नसलेल्याला. मोठा कारखानदार औद्योगिक वसाहतीत जागा घेतो. विणकराच्या विधवेजवळ सोपा एवढीच जागा असते, आणि तिची चूलही त्याच सोप्यावर पेटते.