शेवटी खेळायचं कुणाशी?

'फुटबॉल' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पायाने मारायचा गोल चेंडू येतो. इथे तोच शब्द अंडाकृती चेंडूसाठी वापरतात. त्यातही गंमत अशी की सीमेच्या अलीकडचा खेळ वेगळा आणि पलीकडचा वेगळा! कॅनडात १२ खेळाडू, ११० यार्डांचं मैदान आणि दहा यार्ड सरकायला ३ संधी. अमेरिकेत ११ खेळाडू, १०० यार्ड आणि ४ संधी. आमच्या कॉम्प्युटरच्या भाषेत सांगायचं तर एकाच प्रोग्रॅमच्या दोन आवृत्त्या, पण एकीची फाइल दुसरीत उघडत नाही.

नियम जुळले नाहीत तर प्रतिस्पर्धी मिळत नाही, ही अडचण फार जुनी. १८७३ मध्ये येल, प्रिन्स्टन वगैरे अमेरिकन कॉलेजांनी एकत्र बसून नियम ठरवले, तेव्हा हार्वर्ड गेलंच नाही. त्यांच्या खेळात चेंडू हातात घेता यायचा, आणि तो हक्क त्यांना सोडायचा नव्हता. मग खेळायचं कुणाशी? मदतीला धावलं माँट्रियालचं मॅकगिल. १४ मे १८७४ ला हार्वर्डच्या नियमांनी सामना झाला, तो हार्वर्डने जिंकला. दुसऱ्या दिवशी मॅकगिलच्या रग्बीच्या नियमांनी खेळले, तो ०-० असा बरोबरीत सुटला. पण हार्वर्डच्या पोरांना पाहुण्यांचाच खेळ जास्त आवडला! आजच्या अमेरिकन फुटबॉलचं मूळ बरंचसं त्या दोन दिवसांत आहे. पुढे दोन्ही देशांनी आपापले बदल केले आणि वाटा वेगळ्या झाल्या.

मला सांगायचं आहे ते या दोन वाटांच्या मधोमध उभ्या राहिलेल्या एका टीमबद्दल. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, बर्नबी माउंटनवर, सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटी आहे. ती सुरू झाली सप्टेंबर १९६५ मध्ये. पहिले चॅन्सलर गॉर्डन श्रम हे मूळचे फिजिक्सचे प्राध्यापक. (आडनाव मराठी नाही, पण माणूस नावाप्रमाणेच कामसू होता म्हणतात.) फुटबॉलची सूत्रं लॉर्न डेव्हिस यांच्याकडे. खेळाडूंना शिष्यवृत्ती द्यायची, हे त्यांचं पहिल्यापासूनचं धोरण. तेव्हा कॅनडातल्या इतर युनिव्हर्सिट्यांना ते मंजूर नव्हतं. म्हणून यांनी दक्षिणेकडे तोंड वळवलं आणि अमेरिकन कॉलेजांशी, अमेरिकन नियमांनी खेळायला सुरुवात केली.

टीमने नावही काढलं. लुई पासालिया इथलाच. १९७६ ते २००० अशी २५ वर्षं तो बी.सी. लायन्सकडून खेळला आणि त्याने ३,९९१ गुण केले! घरच्या मैदानावरचा हाडवैरी म्हणजे यूबीसी. या दोघांचा 'श्रम बोल' १९६७ पासूनचा. पुढे तर त्यात नियमही आळीपाळीने, एकदा कॅनडाचे, एकदा अमेरिकेचे. सणवार सासरी-माहेरी वाटून घ्यावेत तसं.

२००२ मध्ये ही टीम कॅनडाच्या लीगमध्ये परतली. २०१० मध्ये पुन्हा अमेरिकेकडे वळली. २०१२ मध्ये सायमन फ्रेझर एनसीएएची पूर्ण सभासद झाली, अमेरिकेबाहेरची पहिलीच. मान मोठा होता, पण मैदानावर टीम बहुतेक वेळा हरायची, हेही सांगायला हवं. 'क्लॅन' हे टीमचं जुनं नाव स्कॉटिश वारशावरून घेतलेलं. पण अमेरिकेत ते ऐकून लोकांना कू क्लक्स क्लॅन आठवायचं. आपल्या कृष्णवर्णीय खेळाडूंनी विरोध केल्यावर २०२० मध्ये युनिव्हर्सिटीने ते सोडलं. २०२२ मध्ये नवं नाव आलं, 'रेड लीफ्स'.

तोवर पायाखालची जमीन सरकत होती. त्यांच्या लीगमधली कॉलेजं एकेक करून फुटबॉल बंद करत होती. खर्च झेपत नव्हता. शेवटी उरली फक्त तीन. ती २०२२ मध्ये 'लोन स्टार' लीगमध्ये गेली. ही लीग मुख्यतः टेक्सासची! बर्नबीच्या पोरांनी सामन्यासाठी टेक्सासला विमानाने जायचं, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या तालमीने लीग खेळायला काश्मीर गाठण्यासारखं. २०२३ च्या सुरुवातीला लोन स्टारनेही कळवलं की २०२३ च्या सीझननंतर तुम्हाला ठेवणार नाही.

एक सीझन तर हातात होता. तरी ४ एप्रिल २०२३ ला युनिव्हर्सिटीने टीम तडकाफडकी बंद केली. माझ्या मते पैशाचं गणित चूक नसेलही, पण वेळ चुकली. एप्रिलमध्ये दुसऱ्या कॉलेजात जागा शोधणं पोरांना किती अवघड, हे शिष्यवृत्तीच्या भरवशावर परदेशात शिकलेल्या कुणालाही समजेल. पाच खेळाडू कोर्टात गेले. मे महिन्यात कोर्टाने त्यांची मागणी फेटाळली. हार्वर्डला मॅकगिल भेटलं होतं. यांना तेव्हा तसं कुणी भेटलं नाही.

'रेड लीफ्स' या नावाने फुटबॉलचा एवढा एकच सीझन झाला. त्याचा शेवटचा सामना डिसेंबर २०२२ मधला, आपल्याच डोंगरावरच्या टेरी फॉक्स फील्डवर. बारा वर्षं बंद पडलेला श्रम बोल त्या दिवशी पुन्हा रंगला. हा आपला शेवटचा सामना आहे, हे मैदानावरच्या एकाही पोराला माहीत नव्हतं. यूबीसी १८, सायमन फ्रेझर १७.