जुन्या बाईकच्या टाकीतला गंज घरच्या घरी कसा काढायचा?

मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा मामाची यामाहा आरएक्स १०० गोठ्यातून बाहेर काढली. सहा-सात वर्षं ती तिथेच कडब्याच्या आडोशाला उभी होती. मामा म्हणाला, "चालू करून दाखव, मग तुझी." आता अशी ऑफर कोण सोडेल? १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेली गाडी, जिची ओरिजिनल टाकी आज सहज मिळत नाही. झाकण उघडून आत डोकावलो तर तळाशी चहाच्या गाळासारखा तांबडा थर. माझं रोजचं काम कोडिंगचं, त्यामुळे या प्रकरणात बऱ्याच चुका केल्या. त्या तुम्ही करू नयेत म्हणून हा लेख.

गंज आत आला कुठून?

टाकी अर्धी रिकामी असेल तर उरलेल्या जागेत हवा असते आणि हवेत दमटपणा. रात्री टाकी गार पडली की तो पत्र्यावर थेंब होऊन जमतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते थेट तळाशी जाऊन बसतं. पत्रा गंजायला एवढं पुरतं. त्यात आता फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि खाली उतरतात. रोज चालणाऱ्या गाडीला याचा फारसा त्रास नाही, कारण पेट्रोल सतत बदलत असतं. महिनोन्‌महिने उभ्या गाडीला मात्र आहे.

हा गंज नुसता दिसायला वाईट असतो असंही नाही. कार्ब्युरेटरच्या पायलट जेटचं छिद्र साधारण अर्ध्या मिलिमीटरचं, कधी त्याहून बारीक. एक कण अडकला की गाडी बंद. घाट चढताना, मागे एसटी असताना गाडी बंद पडली तर काय होईल ते सांगायला नको.

आधी पेट्रोलची वाफ, मग गंज

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तर एक ठिणगी पुरते, आणि रिकाम्या टाकीत नेमकं तेच मिश्रण तयार होऊ शकतं. आत बघायला काडी किंवा लायटर पेटवणारे लोक अजूनही आहेत, म्हणून लिहितोय. वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटत लांब जाते. तेव्हा काम अंगणात करा. चूल, देवघरातला दिवा, पाण्याची मोटर, सगळ्यांपासून लांब.

टाकी गाडीवरून काढा. जुनं पेट्रोल कॅनमध्ये काढून गॅरेजवाल्याला द्या, गटारात ओतू नका. मग भांड्यांचं लिक्विड आणि गरम पाणी घालून तीन-चार वेळा खळखळून धुवा, आणि झाकण उघडं ठेवून दिवसभर वाऱ्यावर ठेवा. वास पूर्ण गेल्यावरच आत बघायचं. यासाठी मोबाईलला ओटीजीने जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा भारी कामाचा आहे. पातळ वायर, टोकाला छोटा कॅमेरा आणि एलईडी. मला टाकीच्या छताचा गंज याच्यामुळेच दिसला. नुसतं डोकावून तो कधीच दिसला नसता.

खरखरीत थर पाडायचा

पेट्रोल कॉक आणि झाकण काढून ठेवा, कारण त्यांच्यातल्या मिश्रधातूला आणि रबराला अ‍ॅसिड सोसत नाही. कॉकचं भोक रबराचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी लावून बंद करा. आता आत मूठभर नट आणि थोडं पाणी टाका, टाकी जुन्या गोधडीत गुंडाळा आणि हलवा, सगळ्या बाजूंनी. नट मोजून टाका! मी ४० टाकले, ३९ बाहेर आले. चाळिसावा दोऱ्याला चुंबक बांधून काढला, त्यात अर्धा तास गेला. नटांऐवजी सायकलच्या चेनचा तुकडा वापरलात तर ही भानगडच नाही.

सायट्रिक अ‍ॅसिड

म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत. लिटरला ६० ते ८० ग्रॅम, कोमट पाण्यात. आरएक्सच्या टाकीला साधारण १० लिटर पाणी लागतं, म्हणजे ६०० ते ८०० ग्रॅम लिंबूसत. टाकी गळ्यापर्यंत भरा, कारण छतही गंजलेलं असतं. बाहेरून प्लॅस्टिक गुंडाळा, नाहीतर सांडलेल्या थेंबांनी रंग खराब होईल. हे अ‍ॅसिड गंजातलं लोखंड पकडून पाण्यात विरघळवून ठेवतं. पण गंज संपला की ते चांगल्या पत्र्यालाही कुरतडायला लागतं, म्हणून १२ ते २४ तास, आणि मधे मधे बघत राहा. चार दिवस विसरून जायचं नाही.

व्हिनेगरनेही होतं, फक्त फार हळू. बाथरूमचं अ‍ॅसिड मात्र अजिबात नको. ते गंज झटपट काढतं खरं, पण पत्राही तितक्याच झटपट खातं, आणि त्याच्या वाफेने शेजारची हत्यारंसुद्धा गंजतात. बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा वापरून इलेक्ट्रोलिसिसही करता येतं. त्यात हायड्रोजन निघतो, जो ज्वलनशील असतो, आणि आतला रॉड स्टेनलेसचा असेल तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. पहिल्यांदा करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

माझी सगळ्यात मोठी चूक

सकाळी अ‍ॅसिड काढलं, आत पत्रा करड्या रंगाचा, लख्ख. पाण्याने धुतली, उन्हात ठेवली आणि जेवायला गेलो. परत आलो तर आत नारिंगी! ताजा उघडा पत्रा ओला राहिला तर काही मिनिटांत पुन्हा गंज धरतो. सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

दुसऱ्या वेळी असं केलं: खाण्याचा सोडा दोन-तीन चमचे लिटरभर पाण्यात घालून खळखळलं, म्हणजे उरलेलं अ‍ॅसिड मरतं. यात फसफसून गॅस निघतो, झाकण लावू नका. मग कडकडीत गरम पाणी, ते ओतून लगेच हेअर ड्रायर. पत्रा गरम असल्याने पटकन सुकतो. गार झाल्यावर १०० मिली टूटी ऑइल आत टाकून टाकी सगळीकडे फिरवली, प्रत्येक कोपऱ्याला तेल लागेपर्यंत.

गंजाखाली भोक निघालं तर?

माझ्या टाकीत निघालं, शिवणीजवळ सुईच्या टोकाएवढं. गंजानेच ते बुजवून ठेवलं होतं. स्टँडजवळच्या एका वेल्डरने "आणा, दोन मिनिटांत मारतो" म्हटलं. टाकी धुतली आहे का, हे विचारलंसुद्धा नाही. मी तिथून टाकी उचलली. दुसऱ्या कारागिराने आधी नाक लावून वास घेतला, भोकाच्या खालपर्यंत पाणी भरलं, झाकण उघडं ठेवलं आणि मग पितळेचा टाका मारला. जो हे विचारत नाही, त्याच्याकडे टाकी देऊ नका, आणि तिथे उभेही राहू नका. आतून इपॉक्सी कोटिंगही मिळतं, पण ते इथेनॉलला टिकणारं आहे असं डब्यावर लिहिलेलं असेल तरच घ्या. नाहीतर काही महिन्यांनी पापुद्रे सुटून कॉकमध्ये अडकतील.

टाकी बसवली की पहिलं अर्धा लिटर पेट्रोल कॉकमधून कॅनमध्ये सोडून द्या आणि कॉक ते कार्ब्युरेटर पाइपमध्ये पारदर्शक फिल्टर लावा. माझ्या फिल्टरमध्ये पंधरा दिवसांनी चिमूटभर तांबडं दिसलं, बदलला. महिन्यानंतर दुसऱ्यात काहीच नव्हतं. गाडी परत उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा.

मामा आता रोज तिच्यावरून डेअरीला जातो. "गाडी तुझी" असं तो म्हणालाच नव्हता म्हणे.