गोव्याच्या दोन खासदारांची कुळकथा

गोव्यातून लोकसभेवर दोन खासदार जातात. महाराष्ट्राच्या 48 जागांपुढे हा आकडा कुणाच्या नजरेत भरत नाही. पण दूरच्या राजधानीतल्या सभागृहात आपला माणूस पाठवण्याची गोव्याची रीत फार जुनी आहे, आणि तिचा उगम दिल्लीत नव्हे, लिस्बनमध्ये आहे.

1820 मध्ये पोर्तुगालात क्रांती झाली. राजसत्तेला संविधानाचा लगाम घालायचे ठरले आणि वसाहतींकडूनही प्रतिनिधी मागवले गेले. 1822 च्या आरंभी गोव्याने तिघांना निवडले. त्यांतले बेर्नार्दु पेरिश द सिल्वा आणि कोंस्तांसियु रॉक द कॉश्त हे गोमंतकीय, तर लिमा लैतांव हे पोर्तुगीज डॉक्टर. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. सभेला जायचे तर आफ्रिकेला वळसा घालून. पलीकडे पेशवाई बुडून चारच वर्षे झाली होती. ब्रिटिश पार्लमेंटात तर हिंदुस्थानसाठी कधीच एकही जागा नव्हती. दादाभाई नौरोजी 1892 मध्ये निवडून आले तेही लंडनच्या मतदारसंघातून.

या मानाच्या मागे बळ किती होते, ते पेरिश द सिल्वांच्याच वाट्याला आलेल्या अनुभवातून कळते. 1835 मध्ये गोव्याचा कारभार त्यांच्याकडे सोपवण्यात आला. भूमिपुत्राला हे पद प्रथमच मिळत होते. जेमतेम अडीच आठवड्यांत लष्कराने बंड करून त्यांना हुसकावले. गोव्याचा माणूस लिस्बनच्या सभागृहात बसलेला चालत होता. पणजीत हुकूम सोडू लागला की खपत नव्हता.

तरीही त्या बाकांवर बसून काही माणसे मनापासून भांडली. साष्टीतल्या नावेलीचे डॉ. फ्रांसिस्कु लुईश गोमिश 1860 मध्ये निवडून आले. वसाहतींना प्रतिनिधित्व हवेच कशाला, असा सूर तिथे निघाला तेव्हा त्यांनी उभे राहून त्याला उत्तर दिले. क्षयाने खंगलेले गोमिश 1869 मध्ये गोव्याकडे परतताना बोटीवरच वारले. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्यांना निवडणारे मतदार मिळकतदार, शिकलेले, मूठभर होते. जमीनदाराच्या भाटात राहून राबणाऱ्या मुंडकाराला मत नव्हते.

पुढे पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत उरलासुरला अर्थही गेला. सभागृहात निवडून यायची ती सरकारी पक्षाचीच यादी. 1951 मध्ये पोर्तुगालने वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले आणि गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच भाग आहे, असे जगाला सांगायला सुरुवात केली. एकेकाळी हक्क म्हणून आलेले प्रतिनिधित्व आता गुलामी झाकायच्या कामी आले.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. गोवा, दमण आणि दीव मिळून केंद्रशासित प्रदेश बनला आणि लोकसभेत त्याला दोन जागा मिळाल्या. 1962 मध्ये त्या नेमणुकीने भरल्या; नेमलेल्यांत मुक्तिलढ्यातले डॉ. पुंडलिक गायतोंडे होते. डिसेंबर 1963 मध्ये पहिली निवडणूक झाली. या वेळी मुंडकारालाही मत होते, त्याच्या बायकोलाही. पीटर अल्वारिस आणि मुकुंद शिंक्रे निवडून आले, आणि दोघेही काँग्रेसचे नव्हते. दिल्लीत नेहरूंचे सरकार, गोवा मुक्त करणारेही तेच, तरी लोकांनी त्यांच्या पक्षाला नाकारले. ते खपले. कुणी बंड केले नाही, कुणाला पळून जावे लागले नाही. लिस्बनच्या सगळ्या वर्षांत गोव्याच्या सामान्य माणसाला जे मिळाले नाही, ते इथे मिळाले.

पुढे महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे, हा प्रश्न आला. संसदेने 1966 मध्ये कायदा केला आणि जानेवारी 1967 मध्ये जनमत कौल घेतला गेला. आपल्याकडे अनेकांना वेगळे राहण्याचा तो निकाल रुचला नाही, पण गोव्याला विचारून ठरले हे महत्त्वाचे.

30 मे 1987 ला गोवा राज्य झाले. तोवर राज्यसभेत गोव्याला जागाच नव्हती. तेव्हा एक जागा मिळाली. दमण-दीव वेगळे होऊन त्यांना लोकसभेची स्वतंत्र जागा मिळाली. गोव्याच्या दोन जागा मात्र दोनच राहिल्या.