कल्याणीचा लावकविनोद आणि परसातला जपानी लावा

बीदरजवळील कमठाण्यापासून कलबुर्गी जिल्ह्याच्या सीमेपर्यंत पसरलेल्या पठारी मुलखात लावा हा पक्षी नवखा नाही. ज्वारी, तूर व उडदाच्या शेतांतून आणि माळावरच्या कुसळी गवतातून त्याच्या अनेक जाती वावरत आल्या आहेत. त्याला पिंजऱ्यात ठेवण्याचा इतिहासही दीर्घ आहे. मात्र या इतिहासात पाळणे आणि पैदास करणे या दोन क्रिया विसाव्या शतकापर्यंत वेगळ्याच राहिल्या, आणि ही गोष्ट ध्यानात घेतली नाही तर आजच्या घरगुती लावापालनाची नाळ भलत्याच ठिकाणी जोडली जाते.

या प्रदेशापुरता सर्वांत मोलाचा पुरावा ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मिळतो. कल्याणी, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, येथून राज्य करणारा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला हा ग्रंथ इ.स. 1129च्या सुमारास सिद्ध झाला, आणि त्यातील संगीतविषयक भागात आढळणाऱ्या मराठी पद्यांमुळे मराठीच्या अभ्यासकांनाही तो परिचित आहे. राजाच्या करमणुकींची जी विंशती, म्हणजे वीस अध्यायांचा गट, त्यात आहे, तिच्यात कोंबड्यांच्या, एडक्यांच्या व रेड्यांच्या झुंजींबरोबर ‘लावकविनोद’ हा लाव्यांच्या झुंजीचा स्वतंत्र अध्याय येतो. हा छंद सोमेश्वराच्या दरबारी उपजला असे मात्र नव्हे, कारण त्याच्या कित्येक शतके आधी ‘कामसूत्रा’तील चौसष्ट कलांच्या यादीत लाव्यांच्या झुंजीला स्थान मिळालेले होते. दुसरीकडे चरकसंहितेने पक्ष्यांच्या मांसात लाव्याचे मांस श्रेष्ठ ठरवले होते. झुंज आणि पथ्य या दोन्ही गरजा रानातून धरून आणलेल्या पक्ष्यांवर भागत असल्यामुळे पिंजऱ्यात पिढ्या वाढवण्याची निकड कोणालाच भासली नसावी.

पकडण्याची कला मात्र विलक्षण बारकाव्याने विकसित झाली. दख्खनच्या माळांवर फासेपारध्यांसारख्या शिकारी जमातींनी केसांचे व दोऱ्यांचे फास लावून तित्तिर आणि लावे धरण्यात पिढ्यान्‌पिढ्या नैपुण्य मिळवले. मद्रास इलाख्यात सर्जन असलेला पक्षिशास्त्रज्ञ जेर्डन याने 1862 ते 1864 या काळात प्रसिद्ध केलेल्या ‘भारतातील पक्षी’ या ग्रंथात दक्षिण भारतातील एक पद्धत नोंदवली आहे, जी निसर्गाच्या एका उलट्या रीतीवर बेतलेली होती. गुंडूर लावा म्हणून ओळखला जाणारा, पण खऱ्या लाव्यांच्या कुळातला नसलेला, जो पक्षी आहे, त्याच्यात मादी आकाराने मोठी, रंगाने उठावदार आणि भांडखोर असते, तर अंडी उबवण्याचे काम नराकडे असते. म्हणून सापळ्याच्या पिंजऱ्यात मादीच ठेवली जाई. तिचा घुमणारा आवाज ऐकून परिसरातील दुसऱ्या माद्या लढायला धावून येत आणि अडकत. पकडलेल्यांत जवळजवळ सर्व माद्याच असत आणि मारल्या जाण्यापूर्वीच त्या अंडी घालत, ही जेर्डनची नोंद आज अधिक अस्वस्थ करते. 1972चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आणि त्यातील 1991ची दुरुस्ती यांमुळे रानलाव्यांची शिकार बेकायदा ठरली.

घरी वाढवता येणारा लावा वेगळ्याच वाटेने आला. जपानमध्ये या पक्ष्याची जोपासना आधी त्याच्या आवाजासाठी झाली, एदो काळात त्याच्या गायनाच्या स्पर्धा भरत, आणि अंडी व मांसासाठी त्याचे व्यापारी पालन विसाव्या शतकाच्या आरंभी वाढले. दुसऱ्या महायुद्धात हा साठा जवळजवळ नष्ट झाला, गाणारे वाण लोपले आणि उरलेल्या थोड्या पक्ष्यांपासून पुन्हा उभारणी झाली. हा जपानी लावा 1974मध्ये अमेरिकेतून उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथे आणला गेला. तेथेच 1979मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याचे भारतीय वाण तयार केले. रानलाव्यांसाठीचा कायदा या आयात पक्ष्यालाही लागू धरण्याचा गोंधळ काही काळ चालला, 2011मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नव्या परवान्यांना मनाई केली आणि पुढे ती मागे घेतली. बीदरच्या नंदीनगर येथे 2004च्या कायद्याने पशुवैद्यकीय, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची स्थापना झाल्यावर या भागाला या विषयाचे स्वतंत्र विद्यापीठ लाभले.

परसात हा पक्षी ठेवणे सोपे वाटते, कारण एका कोंबडीच्या जागेत आठ-दहा लावे मावतात, मादी सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येते आणि सुमारे दहा ग्रॅमचे ठिपकेदार अंडे बहुधा दुपारनंतर घालते. अडचण पैदाशीत आहे. पिंजऱ्यातल्या पिढ्यांत मादीची खुडूक बसण्याची वृत्तीच उरलेली नाही. त्यामुळे सतरा-अठरा दिवसांची उबवण यंत्रात किंवा खुडूक गावरान कोंबडीखाली करावी लागते. सात-आठ ग्रॅमचे पिल्लू पाण्याच्या भांड्यात बुडते म्हणून त्यात गोट्या टाकाव्या लागतात, आणि पहिल्या आठवड्यात छत्तीस अंशांच्या आसपास ऊब द्यावी लागते. एवढे साधल्यावरही छोट्या कळपात भावंडांचा संकर सुरू होतो, आणि हा पक्षी जवळच्या संकराला इतका हळवा आहे की काही पिढ्यांतच अंडी वांझ निघू लागतात. तेव्हा घरच्या पालकाला दुसऱ्या कळपातला नर किंवा उबवणी केंद्रातील पिल्ले पुन्हा आणावीच लागतात.