मॉडेल नंबर नसलेला चाकू

नीउ-व्हेनेप हे गाव तुम्हाला नकाशात शोधावं लागेल. ॲमस्टरडॅमचं स्खिपोल विमानतळ सापडलं की तिथून थोडं नैर्ऋत्येला या. गाव बसलंय ते मुळात हार्लेमरमेर नावाच्या सरोवराच्या तळावर. डच लोकांनी १८४९ ते १८५२ या काळात वाफेचे पंप लावून हे अख्खं सरोवर उपसलं आणि मग तिथं शेती केली, गावं वसवली. त्यातला क्रूकियसचा पंप १९३३ साली बंद झाला. आपल्याकडे असता तर भंगारात गेला असता. इथं त्याचं संग्रहालय आहे.

मी या गावात भाड्यानं राहत होतो तेव्हाची गोष्ट. शेजारी एक निवृत्त गृहस्थ होते. जन्मभर यंत्रांवर काम केलेला माणूस, हातांना अजून ऑइलचा वास. एका रविवारी कॉफीला बोलावलं आणि कपाट उघडून आपला संग्रह दाखवला. घडीचे चाकू. पण आपण पेरू कापायला वापरतो तसले नव्हेत. इंग्रजीत ज्यांना ‘टॅक्टिकल फोल्डर’ म्हणतात ते. एका हातानं उघडतात, उघडल्यावर पातं कुलुपासारखं अडकून बसतं, खिशाच्या काठाला क्लिपनं लटकतात. आणि यांचा नियम असा की, कंपनीनं बनवणं बंद केलेलीच मॉडेलं घ्यायची. चालू मालाला हात लावायचा नाही.

तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पानावर हे काय काढलं? जरा थांबा.

या चाकूंचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत १९६४ साली बक कंपनीचा ११० हा शिकारी घडीचा चाकू आला. उघडल्यावर भक्कम अडकणारं पातं त्यानं लोकप्रिय केलं. तो उघडायला मात्र दोन हात लागत. १९८१ मध्ये स्पायडर्को कंपनीनं पात्यालाच एक गोल भोक पाडलं. त्यात अंगठा रुतवायचा आणि पातं लोटायचं, दुसरा हात मोकळा. शिवाय मुठीला क्लिप. त्याच दशकात मायकेल वॉकर या कारागिरानं मुठीच्या आतली पातळ पट्टीच पात्यामागे सरकून त्याला अडवेल अशी रचना घडवली आणि बॉब टेर्झुओला यांच्यासारख्या कारागिरांनी या सगळ्याला लष्करी रूप दिलं. १९९०च्या दशकात मोठ्या कंपन्या उतरल्या. अर्नेस्ट इमर्सन यांच्या आराखड्यावरून बेंचमेडनं सीक्यूसी-७ काढला. पुढे इमर्सन यांनी स्वतःची कंपनी थाटली, कालांतरानं बेंचमेडचा सीक्यूसी-७ बंद झाला, आणि बंद झाल्यावर लोक तो शोधू लागले.

एकहाती उघडण्याचा हा सगळा खटाटोप कशासाठी, हे समजायला १९५८ सालात जावं लागतं. त्या वर्षी अमेरिकेनं बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली. त्याआधीची काही वर्षं वर्तमानपत्रांतून तरुणांच्या टोळ्यांची भीती पसरली होती. ‘रेबेल विदाऊट अ कॉज’ (१९५५) मधली चाकूची झुंज सगळ्यांनी पाहिली होती. कायद्यात बटण आलं. अंगठ्यानं लोटायचं पातं त्या व्याख्येत बसत नव्हतं. म्हणजे आजच्या टॅक्टिकल चाकूच्या पोटात एक जुनी बंदी दडलेली आहे.

शेजाऱ्यांनी एक काळा चाकू हातात दिला. स्पायडर्कोचा एंड्युरा, अगदी सुरुवातीचा, जपानच्या सेकी शहरात बनलेला. मूठ प्लास्टिकची आणि क्लिपसुद्धा त्याच प्लास्टिकमध्ये ओतलेली. “ही मोडली की संपलं,” ते म्हणाले. पुढच्या चाकूंना स्क्रूनं बसवलेली धातूची क्लिप आली, ती बदलता येते. म्हणून न मोडलेल्या क्लिपचा जुना एंड्युरा मोलाचा. पात्यावरचं पोलादाचं नाव, क्लिप, खोक्याचा रंग एवढ्यावरून ते वर्षाचा अंदाज बांधत. आपल्याकडचे नाणीवाले टांकसाळीची खूण बघतात ना, अगदी तसं.

एक खोकं रिकामं होतं. आत फक्त खरेदीची पावती. त्यात बटणाचा छोटा इटालियन चाकू होता, रीतसर घेतलेला. नेदरलँड्समध्ये पूर्वी असे छोटे चाकू ठरावीक मापापर्यंत चालत. २०१२ साली कायदा कडक झाला. बटणाचे, नुसत्या झटक्यानं पडून उघडणारे आणि फुलपाखरासारख्या दुहेरी मुठीचे, सगळेच चाकू सरसकट बेकायदा ठरले. साधा घडीचा चाकूही उघडून २८ सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर चालत नाही. त्यांनी चाकू जमा केला. खोकं आणि पावती ठेवून घेतली.

मग त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे असा काही चाकू होता का?”

मी छाती फुगवून म्हटलं, “रामपुरी!”

“कोणी बनवला? कुठल्या वर्षी? किती प्रकार होते? बंद कधी झाला?”

माझी छाती तिथंच बसली.

बघा, रामपुरी हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पुढे ‘चाकू’ म्हटलं नाही तरी चालतं. ‘रामपुरी काढला’ एवढं पुरे. पण रामपूर कुठं आहे, हे विचारा. उत्तर प्रदेशात, मुरादाबाद आणि बरेलीच्या मधे. फैजुल्ला खान या रोहिला सरदारानं १७७४ साली स्थापलेलं संस्थान. रोहिले म्हटलं की आपल्याला थेट पानिपत आणि नजीब खान आठवतो. पण याच रोहिल्यांच्या गावात मोठं ग्रंथालय उभं राहिलं, संगीताचं घराणं वाढलं आणि लोहारांनी एक चाकू घडवला. तलवारीचे दिवस सरले, तशी पोलादावर पाणी चढवणारी बोटं घडीच्या पात्याकडे वळली.

या चाकूची खासियत त्याचा आवाज. मागच्या कमानीवर पात्याचे दाते एकेक करून चढतात आणि कर्र-कर्र-कट् असा आवाज होतो. हिंदीत म्हणूनच त्याला कमानीदार म्हणतात. पुढे बटणाचे आले. स्पेनच्या नव्हाखा चाकूलाही असाच दातेरी आवाज आहे, आणि दोन्हीकडे त्या आवाजाचं काम एकच होतं. पातं लागायच्या आधी समोरच्याच्या पोटात गोळा आला पाहिजे. स्पेनमध्ये आल्बासेते या चाकूंच्या गावात २००४ पासून चाकूंचं संग्रहालय आहे.

मुंबईत रामपुरी पोहोचला तो माणसांबरोबर आणि सिनेमाबरोबर. ‘वक्त’ (१९६५) मध्ये राजकुमार मदन पुरीच्या हातातून चाकू काढून घेतो आणि शांतपणे एक वाक्य बोलतो. तो प्रसंग तुम्ही पाहिला नसला तरी त्याची नक्कल नक्की ऐकली असेल. सत्तरच्या दशकात तर खलनायकाच्या खिशात रामपुरी नसेल तर तो खलनायकच नाही. गल्लीतल्या पोरांनी पडद्यावर बघून चाकू घेतले की गल्लीत बघून पडद्यावर आले, हा वाद मी सोडून देतो. दोन्ही झालं असणार. अमेरिकेत पन्नासच्या दशकात जे घडलं त्याचंच हे देशी रूप.

नंतर ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या टोळ्यांच्या हाती पिस्तुलं आली आणि चाकू गरिबाचं हत्यार झाला. नव्वदच्या दशकात उत्तर प्रदेशात साडेचार इंचांहून लांब पात्याचे चाकू बनवण्यावर बंदी आली. रामपुरीचं पातं त्याच्या दुप्पट असायचं. कापून आखूड केलेल्या रामपुरीला रामपुरी म्हणायचं का, हा प्रश्न कारागिरांनी परवडत नसल्यानं सोडवला: बहुतेकांनी धंदा सोडला. आणि गंमत म्हणजे २०२३ साली त्याच रामपुरात एका चौकाला ‘चाकू चौक’ नाव देऊन सुमारे २० फुटांचा चाकू उभारला. साडेचार इंचांची मर्यादा असलेल्या गावात!

आता शेजाऱ्यांच्या प्रश्नाकडे या. बंद झालेलं मॉडेल गोळा करायचं, तर आधी मॉडेल असावं लागतं. कॅटलॉग लागतो, नंबर लागतो, ‘या साली सुरू, या साली बंद’ असं लिहिणारी कंपनी लागते. संग्राहकाला वाटतं आपण वस्तू जमवतोय, पण तो जमवत असतो ती नोंद. तो जुना एंड्युरा कागदावर जन्मला आणि कागदावर संपला. रामपुरी कुठल्याच कागदावर जन्मला नाही, त्यामुळे तो ‘बंद’ही झाला नाही. तो नुसता दिसेनासा झाला.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे संग्राहक नव्हते का? होते की. पुण्याच्या दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) दारोदार फिरून दिवे, दौती, गंजिफा जमवल्या आणि लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावानं संग्रहालय उभं केलं. तिथले अडकित्ते बघितले नसतील तर जरूर बघा. पोपटाच्या, घोड्याच्या, बाईच्या आकाराचे. अडकित्ताही दोन पात्यांची घडीच आहे, फक्त ती सुपारीपुरती, म्हणजे घरंदाज. रामपुरी कोणाच्या माजघरात नव्हता. जुनं म्हणून कौतुक करायला तो पुरेसा जुना नव्हता आणि जपून ठेवायला पुरेसा सभ्य नव्हता. कट्यार दिवाणखान्यात लागते, कारण तिच्यानं मेलेली माणसं आपल्या ओळखीची नसतात.

आमच्याच घरातलं सांगतो. माझे एक मामा परळला चाळीत राहायचे. त्यांच्या ट्रंकेत तळाशी, धोतरात गुंडाळलेला एक रामपुरी होता. मामांनी तो कोणावर चालवला नाही, असं घरात सगळे सांगतात आणि मी ते मानतो. गणपतीच्या मखराचे बांबू तासायला मात्र तो निघायचा आणि आम्हा पोरांना आवाज ऐकवायला. पितळेची मूठ होती, एका बाजूला हाडाची पट्टी. जानेवारी १९९३ मध्ये शहर पेटलेलं असताना कोणीतरी म्हणालं, पोलीस घरं तपासतायत. आजीनं तो चाकू पिठाच्या डब्यात घालून बाहेर नेला आणि रिकामा डबा घेऊन परत आली. कुठं टाकला, हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. मामांनीही विचारलं नाही. तिचं चुकलं, असं मला आजही म्हणवत नाही. घरात वस्तू सापडली असती तर तिचा इतिहास ऐकायला कोण थांबलं असतं?

अशा किती डब्यांतून किती चाकू गेले असतील. उरले ते पोलिसांच्या हाती लागलेले. आणि इथंच मला शेजाऱ्यांच्या प्रश्नाचं एक अर्धवट उत्तर सापडतं. रामपुरीचा कॅटलॉग आहे. तो पोलिसांनी लिहिलाय. पंचनामा वाचला असेल तर तुम्हाला माहीत असेल: पात्याची लांबी इतकी, मुठीची इतकी, मूठ पितळी की लाकडी, बटण आहे की नाही, धार एका बाजूला की दोन, पंचांसमक्ष मोजून कागदात गुंडाळून लाखेचं सील. लांबी मोजण्याला कारण आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं हे हत्यार धरलं गेलं. मात्र घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळली. (म्हणूनच पुण्यात आज पोरांच्या हातात कोयता दिसतो. तो शेतीचा! २०२३च्या सुरुवातीला पुणे पोलिसांनी कोयते विकणाऱ्यांना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघायला सांगितलं, ते याच फटीपायी.) एखादा संग्राहक लिहील त्यापेक्षा हे वर्णन काटेकोर असतं. फक्त त्यात एक रकाना नाही: बनवणाऱ्याचं नाव. चाकू कोणाकडे सापडला, हे तीनदा लिहिलेलं असतं. कोणी घडवला, हे कोणाला हवंच नव्हतं.

आणि हा कॅटलॉगही टिकाऊ नाही. खटला संपला की मुद्देमालाची विल्हेवाट लागते, ठरावीक वर्षांनी कागदही छाटले जातात. मुंबईच्या गुन्हेगारीवर काम करणारे अभ्यासक या कागदांतून माणसं शोधतात, टोळ्या शोधतात. ते योग्यच. पण त्याच पानावर एका गायब झालेल्या कारागिरीची मापं पडलेली आहेत, तीही कोणीतरी उतरवून घ्यायला हवीत, कागद आहेत तोवर.

यात एक अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. पंचनाम्यातल्या प्रत्येक मापापलीकडे एखादा जखमी माणूस आहे, कधी मेलेला. त्याच्या जखमेची लांबी शेजारच्याच पानावर लिहिलेली असते. मुठीवरच्या पितळेचं कौतुक करताना ते पान उलटून चालणार नाही. एंड्युरावाल्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही, त्यांचे चाकू खोक्यातून कपाटात जातात. त्यांच्या पात्याला सफरचंदसुद्धा लागलेलं नसतं.

शेजाऱ्यांना मी मामांचा चाकू सांगितला, डब्यासकट. माझा चाकू नेदरलँड्समध्ये दोनदा बेकायदा ठरला असता, एकदा बटणासाठी आणि एकदा लांबीसाठी, हे ऐकून ते हसले. मग त्यांनी संग्रहाची वही काढली. पेन्सिलनं ओळ आखली. नाव: रामपुरी. मूठ: पितळ, हाड. पातं किती लांब? मी हाताचा पंजा पसरून दाखवला, त्यांनी पट्टी लावून मोजला आणि आकड्यापुढे प्रश्नचिन्ह घातलं. कारागीर हा रकाना त्यांनी मोकळा ठेवला. शेवटच्या रकान्यात, जिथं ते मॉडेल बंद झाल्याचं वर्ष लिहायचे, तिथं त्यांनी माझ्याकडे बघत १९९३ लिहिलं.