सिल्वासाचा सात वेळचा खासदार आणि आपला उसना विजय

२ नोव्हेंबर २०२१ रोजी दादरा आणि नगर हवेली लोकसभा पोटनिवडणुकीची मतमोजणी झाली आणि शिवसेनेच्या कलाबेन डेलकर ५१,२६९ मतांनी निवडून आल्या. महाराष्ट्राबाहेरील मतदारसंघातून शिवसेनेचा खासदार लोकसभेत जाण्याचा तो पहिलाच प्रसंग. सीमाभागातील आपल्यापैकी अनेकांनी त्या निकालाकडे मराठीचा विजय म्हणून पाहिले, आणि काही जण अजूनही तसेच पाहतात. कोणत्याही भाषिक चळवळीला विजयाची भूक असते; ती समजण्याजोगी आहे. परंतु हा विजय मराठीच्या खात्यात जमा करण्यापूर्वी सिल्वासाच्या मतपेटीचा मागील चाळीस वर्षांचा हिशेब तपासणे आवश्यक आहे. त्या हिशेबात प्रामुख्याने एकच नाव येते, ते म्हणजे कलाबेन यांचे दिवंगत पती मोहन संजीभाई डेलकर.

आधी प्रदेशाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. अवघ्या ४९१ चौरस किलोमीटरच्या या केंद्रशासित प्रदेशाला विधानसभा नाही. कारभार दिल्लीहून नेमलेल्या प्रशासकाच्या हाती. २६ जानेवारी २०२० रोजी दमण-दीवशी विलीनीकरण झाले तरी या व्यवस्थेत फरक पडला नाही. महाराष्ट्रातील मतदाराला आमदार असतो, मंत्री असतो, मुख्यमंत्री असतो. येथील मतदाराला खाली पंचायत किंवा नगरपालिका आणि वर थेट एकच खासदार. त्यामुळे प्रशासनाविरुद्ध दाद मागायची तर ती त्या एका माणसामार्फत. अशा ठिकाणी पक्षाच्या चिन्हापेक्षा माणूस मोठा ठरणे स्वाभाविक होते, आणि तसेच घडले. १९६७ साली काँग्रेसचे संजीभाई रूपजीभाई डेलकर, म्हणजे मोहन डेलकर यांचे वडील, येथून निवडून गेले. पुढील काही निवडणुका काँग्रेसकडेच राहिल्या. परंतु १९८४ साली इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसने देशभर चारशेहून अधिक जागा मिळवल्या, त्याच निवडणुकीत या चिमुकल्या मतदारसंघाने सीताराम गवळी या अपक्षाला लोकसभेत पाठवले. म्हणजे दोन्ही मोठ्या पक्षांना बाजूस सारण्याची येथील सवय मोहन डेलकरांच्याही आधीची आहे.

डेलकरांनी त्या सवयीला संघटनेचे रूप दिले. करसवलतींमुळे सिल्वासाच्या परिसरात कारखाने उभे राहत होते, आणि कालपर्यंत भातशेती व जंगलावर जगणारा आदिवासी त्या कारखान्यांच्या दारात मजूर म्हणून उभा होता. या कामगारांच्या प्रश्नांतून डेलकर पुढे आले. १९८५ साली त्यांनी आदिवासी विकास संघटना उभारली. चार वर्षांनी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते अपक्ष म्हणून लोकसभेत पोहोचले.

त्यानंतरचा त्यांचा आलेख पक्षनिष्ठेच्या मोजपट्टीने पाहिला तर विचित्र दिसतो. १९८९ साली अपक्ष, १९९१ व १९९६ साली काँग्रेस, १९९८ साली भारतीय जनता पक्ष, १९९९ साली पुन्हा अपक्ष, २००४ साली भारतीय नवशक्ती पक्ष. या शेवटच्या पक्षाचे नाव बहुतेक वाचक प्रथमच ऐकत असतील. त्या लोकसभेत त्याचे एकमेव खासदार डेलकर होते. सलग सहा विजय, आणि चार निरनिराळ्या पाट्या. टीकाकारांनी याला संधिसाधूपणा म्हटले तर ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु पुढील दोन निवडणुका पाहाव्यात. २००९ साली ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून उभे राहिले आणि भाजपच्या नटुभाई पटेल यांच्याकडून केवळ ६१८ मतांनी पराभूत झाले. २०१४ साली पुन्हा काँग्रेस, पुन्हा नटुभाई, पुन्हा पराभव. या वेळी अंतर ६,२१४ मतांचे. २०१९ साली काँग्रेस सोडून ते अपक्ष उभे राहिले. देशभर भाजपची लाट असताना त्यांनी त्याच नटुभाईंना ९,००१ मतांनी हरवले. नऊ लढतींत सात विजय, त्यांपैकी चार दोन्ही राष्ट्रीय पक्षांच्या बाहेर राहून. आणि दोन्ही पराभव मात्र राष्ट्रीय पक्षाच्या तिकिटावर. मोठ्या पक्षाचा आधार त्यांना नेहमीच तारक ठरला नाही, एवढे तरी या आकड्यांवरून म्हणता येते.

स्थानिक निवडणुकांतही हेच दिसते. २०२० साली डेलकरांनी संयुक्त जनता दलाशी हातमिळवणी केली. बिहारच्या या पक्षाचे सिल्वासात काय काम, असा प्रश्न कोणालाही पडावा. तरी त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जिल्हा पंचायतीच्या वीसपैकी सतरा जागा त्याच पक्षाच्या नावाने निवडून आल्या. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, त्या सतरांपैकी पंधरा सदस्य भाजपमध्ये गेले. पाटी भाड्याची होती. घरमालक गेल्यावर ती उतरली.

घरमालक गेला होता तो २२ फेब्रुवारी २०२१ रोजी. मुंबईतील मरीन ड्राइव्हवरील एका हॉटेलात डेलकर मृतावस्थेत आढळले. वय अठ्ठावन्न. त्याआधी काही महिने ते प्रशासनाशी उघड संघर्षात होते. २ ऑगस्ट हा येथील मुक्तिदिन. १९५४ साली याच दिवशी सिल्वासा पोर्तुगीजांपासून मुक्त झाले आणि त्या लढ्यात सुधीर फडके, राजाभाऊ वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मराठी माणसे आघाडीवर होती. २०२० च्या मुक्तिदिनी खासदार असूनही आपल्याला भाषण करू दिले नाही, अशी तक्रार डेलकरांनी लोकसभेत मांडली होती. त्यांच्या मृत्यूनंतर मुंबईत नोंदलेला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केला, आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. कायद्याच्या दृष्टीने ते प्रकरण तेथे मिटले. आपल्या विषयापुरती एकच गोष्ट नोंदवतो: त्यांनी मागे ठेवलेला मजकूर गुजरातीत होता.

मग या प्रदेशावर मराठीचा हक्क नाही काय? इतिहासाचा तर निश्चितच आहे. पेशव्यांनी १७७९ च्या तहान्वये पोर्तुगीजांना येथील गावांचा वसूल दिला. १९५५ साली पोर्तुगालने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले, तेव्हा त्या तहाच्या सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ न्यायाधीशांसमोर आले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की मराठ्यांनी दिली ती केवळ जहागीर अथवा सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे. ‘सरंजाम’ या आपल्या दफ्तरी शब्दाचा अर्थ जागतिक न्यायालयात खल होऊन ठरावा, हे भाषाप्रेमी माणसाला सुखावणारे आहे. बोलीचा हक्कही आहे. ग्रिअर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात वारली बोलीचा विचार मराठीच्या कुटुंबात केला. जनगणना मात्र वारलीला भिलीखाली आणि कुकणाला कोकणीखाली मोजते, त्यामुळे खानवेलच्या डोंगराळ भागात कानावर पडणारी मराठीची लय कागदावर विरून जाते. सरकारी मराठी शाळा येथे आहेत. हे सर्व खरे. परंतु यांतील एकही गोष्ट चार दशकांत सिल्वासाच्या निवडणुकीचा मुद्दा झालेली दिसत नाही. जमीन, जंगल, कारखान्यातील नोकरी, प्रशासकाची मनमानी हे मुद्दे होते. २००१ साली लोकसंख्येत आदिवासी ६२ टक्के होते, २०११ साली ५२ टक्के उरले. वारली मतदाराला आपली भाषा नव्हे, आपले संख्याबळच हातून निसटताना दिसत होते.

हाच वारली समाज सीमेच्या अलीकडे, पालघर जिल्ह्यातही आहे. तलासरीच्या रानात १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उठाव झाला, आणि त्याच संघटनेच्या बळावर डहाणूतून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले २०१९ व २०२४ साली विधानसभेत गेले. रेषेच्या एका बाजूस लाल बावटा, दुसऱ्या बाजूस डेलकर. दोन्हीकडे मोठ्या पक्षांबाहेरील मत, आणि दोन्हीकडे त्यामागे कामगार-आदिवासींमधील वर्षानुवर्षांचे काम.

आता बेळगाव. एप्रिल २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समितीचे शुभम शेळके यांना एक लाख सतरा हजारांहून अधिक मते पडली. त्याच वर्षी सिल्वासात कलाबेन यांना १,१८,०३५. आकडे जवळजवळ सारखे. पण बेळगावात मतदार अठरा लाखांच्या आसपास, म्हणून समिती तिसरी. सिल्वासात अडीच लाखांच्या आसपास, म्हणून विजय. माझ्या दृष्टीने दोहोंपैकी मराठीचे मत म्हणता येईल असे मत बेळगावचे होते, जरी ते पराभूत झाले तरी. समितीने सात दशके नाव आणि मागणी बदलली नाही. मात्र गटबाजीने तिची संघटना पोखरली, आणि २०१८ व २०२३ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत तिचा एकही आमदार आला नाही. डेलकरांनी नाव सतत बदलले, संघटना राखली. मात्र ती संघटना एका घराभोवती फिरत होती, ही तिची मर्यादाही लपत नाही.

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कलाबेन डेलकर भाजपच्या उमेदवार होत्या. त्यांना १,२१,०७४ मते मिळाली, शिवसेनेच्या तिकिटावर मिळाली होती त्यापेक्षा ३,०३९ अधिक. दुसऱ्या क्रमांकावर काँग्रेस होती, ५७,५८४ मतांनी मागे.